पाण्याचा पहिला घोट

बंगळुरूच्या शिवाजीनगरात बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर संध्याकाळी भेटीच्या वेळेला उभं राहिलं की हातातल्या डब्यावरून घर ओळखता येतं. कन्नड घरच्या डब्यात रव्याची नाहीतर नाचणीची गंजी आणि मिऱ्याचं सारू. तमिळ घरून लसूण ठेचून घातलेलं रसम आणि मऊ भात. दखनी बोलणाऱ्या मुसलमान घरातून आलेल्या थर्मासात हरीरा. आणि पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरच्या डब्यात तूप-मेतकूट-भात, शेपूची भाजी, नाहीतर हळिवाची खीर. सिस्टर बाहेर आली की सगळे तिला एकच विचारतात. ‘नीरु कोडबहुदा?’ ‘पानी देना क्या?’ ‘पाणी द्यायचं का हो?’ आणि बऱ्याच ठिकाणी सिस्टरचा उलट प्रश्नही ठरलेला असतो : ‘गॅस होय्ता?’ म्हणजे, वारा सरला का?

नाही म्हटलं की डबा तसाच पिशवीत परत जातो. आत ती बाळंतीण सुकलेल्या ओठांनी छताकडे बघत पडलेली असते. सिझेरियननंतर पाणी आणि अन्न कधी द्यायचं, ते का द्यायचं, आणि ‘वारा सरेपर्यंत काही नाही’ हा नियम आला कुठून, हे ज्यांच्या घरी आज-उद्या हा प्रसंग येणार आहे त्यांच्यासाठी नीट उलगडून लिहावं असं फार दिवस मनात होतं.

शिवाजीनगरला हा प्रश्न नवा नाही. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ब्लॅकपल्ली म्हणून असलेल्या ह्या भागात दोन मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. एक बोरिंग आणि लेडी कर्झन हॉस्पिटल. १८६२ ते १८७० ह्या काळात म्हैसूरचे कमिशनर असलेल्या लेविन बेंथम बोरिंग ह्यांचं नाव त्याला आहे, आणि लेडी कर्झन हे नाव बायकांच्या विभागामुळे जोडलं गेलं. दुसरं गोशा हॉस्पिटल, सर हाजी इस्माईल सेठ ह्यांच्या दानातून उभं राहिलेलं. गोशा म्हणजे पडदा. पडदा पाळणाऱ्या बायकांना परपुरुषाच्या नजरेआड बाळंत होता यावं म्हणून ते बांधलं, आणि आज तिथं सगळ्या जातिधर्मांच्या बायका येतात. कन्नडमध्ये बाळंतिणीला ‘बाणंती’ म्हणतात आणि बाळंतपणाला ‘बाणंतन’. शब्द इतके जवळचे, तर पथ्यंही जवळचीच असणार. दोन्हीकडे शेपू चालतो, दोन्हीकडे लसूण-मिरी चालते, आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्या बायका पाणी जपून द्यायला सांगतात.

सिझेरियन किती वाढलीत ते एकदा आकड्यांत पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या २१.५ टक्के बाळंतपणांत सिझेरियन झालं. महाराष्ट्रात २५.४ टक्के, कर्नाटकात ३१.५ टक्के. म्हणजे कर्नाटकात दर तीन बाळंतिणींमागे जवळजवळ एकीच्या पोटावर टाके. इतक्या घरांना लागू पडणारी गोष्ट ‘आमच्या वेळी असंच होतं’ एवढ्यावर सोडून देणं मला पटत नाही.

माझं स्वतःचं सिझेरियन ह्याच शहरातल्या एका दवाखान्यात झालं, त्याला सव्वीस वर्षं झाली. रात्री कळा सुरू झाल्या तेव्हापासून मी उपाशी होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन झालं आणि त्यानंतर दीड दिवस मला पाणी मिळालं नाही. आई कापसाचा बोळा ओला करून ओठांवर फिरवायची. मी तो चोखायचा प्रयत्न केला की ती घाबरून बोळा मागे घ्यायची, कारण तिला तसंच बजावलेलं होतं. ‘हाताला सलाईन लावलीय ना, पोटात जातंच आहे,’ असं प्रत्येक भेटायला येणारी बाई मला सांगायची. मला जे कळत नव्हतं ते हे की बाळाला पाजायला घेतलं की तहान इतकी का भडकते. आता कळतं. बाळ ओढू लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि त्याच वेळी कित्येक बायकांचा घसा कोरडा पडतो. पाजणाऱ्या बाईच्या हाताशी पाणी असावं ही शरीराचीच मागणी आहे.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचं सिझेरियन झालं. दुपारी एकला बाळ झालं, चारच्या आधी सिस्टरनं तिला चमच्यानं पाणी दिलं, आणि रात्री आठला ती इडली खात होती. ऑपरेशन तेच, टाके तसेच. मग मधल्या काळात बदललं काय?

ह्याचं उत्तर शोधायला ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं ते बघावं लागतं.

बहुतेक सिझेरियन आता पाठीत इंजेक्शन देऊन होतात. कमरेच्या खालच्या भागात, दोन मणक्यांच्या फटीतून एक बारीक सुई आत जाते आणि बधिरीचं औषध, जेमतेम २ मिलिलिटर, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडलं जातं. छातीच्या खालचं सगळं बधिर होतं. पण बाई जागी असते. बोलते, बाळाचं रडणं ऐकते. ह्यातली कळीची गोष्ट अशी की तिचा घसा शाबूत असतो. गिळता येतं, ठसका लागला तर खोकता येतं. अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत काही जाऊ लागलं तर अडवणारा पहारेकरी जागेवर असतो. हे पक्कं ध्यानात ठेवावं, कारण उपाशी ठेवण्याच्या नियमाचं एक मूळ इथंच आहे.

मग पोटावर आडवा छेद. कातडी, चरबी, त्याखालचं चिवट आवरण कापलं जातं. स्नायू मात्र कापत नाहीत, मधोमध दोन बाजूंना सारतात. त्याखालचा पातळ पडदा उघडला की समोर गर्भाशय. नऊ महिन्यांचं गर्भाशय पोट इतकं व्यापून असतं की आतडी वर आणि मागे ढकलली गेलेली असतात. डॉक्टर गर्भाशयाच्या खालच्या भागात छेद घेतात, बाळ बाहेर, वार बाहेर, गर्भाशयाला टाके, मग एकेक थर बंद. सगळं मिळून तास, कधी त्याहून कमी. ह्या सगळ्यात आतड्यांना हात लागतो तो ओझरता. अपेंडिक्स फुटलं म्हणून केलेल्या ऑपरेशनात किंवा आतड्याचा तुकडा कापून पुन्हा जोडतात तेव्हा आतडी बाहेर काढून हाताळली जातात. तिथलं पथ्य आणि इथलं पथ्य एकच असायचं कारण नाही.

तरीही आतडी काही वेळ मंदावतात, हे खरं. पोट उघडलं की शरीर दचकतं आणि आतड्यांच्या हालचालीला लगाम घालणाऱ्या नसा जोर धरतात. दुखणं थांबवण्यासाठी मॉर्फिन, ट्रॅमॅडॉल अशी औषधं दिली असतील तर तीही आतड्यांना सुस्त करतात. पडून राहण्याचाही तोच परिणाम. पण सगळी पचनसंस्था एकदम बंद पडत नाही आणि एकदम सुरूही होत नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर लहान आतडं सगळ्यात आधी, काही तासांतच, हालू लागतं. जठराला साधारण एक ते दोन दिवस लागतात. मोठं आतडं सगळ्यांत आळशी, त्याला दोन-तीन दिवस. हे आकडे मोठ्या ऑपरेशनांचे. सिझेरियनमध्ये सगळं ह्याहून लवकर होतं, पण क्रम हाच.

आता वारा कुठून सरतो? मोठ्या आतड्यातून. म्हणजे ‘वारा सरल्याशिवाय पाणी नाही’ ह्याचा अर्थ असा की सगळ्यांत शेवटी जागा होणारा भाग जागा होईपर्यंत सगळ्यांत आधी जाग्या झालेल्या भागाला रिकामं ठेवायचं. रसेल मार्केटचं मागचं दार उघडत नाही तोवर पुढच्या दारानं भाजीची पाटीच आत घ्यायची नाही, अशातला हा प्रकार. अन्न तोंडात घातल्यापासून मोठ्या आतड्यापर्यंत पोचायलाच कित्येक तास जातात. तोवर तेही जागं होतं, आणि वरून काहीतरी येतंय ही वर्दी मिळाल्यानं जरा लवकरच होतं.

आणि ‘रिकामं’ हा शब्दही खरा नाही. आपण उपाशी असलो तरी लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्यांचा स्वतःचा रस मिळून दिवसाला सात लिटरांच्या आसपास द्रव आतड्यांत उतरत असतो आणि पुन्हा शोषला जात असतो. उपासात तो कमी होतो, थांबत नाही. जे आतडं हे लिटरांनी येणारं पाणी बिनबोभाट जिरवतंय त्याला अर्धी वाटी साधं पाणी जड होईल ही भीती कुठल्या हिशेबात बसते? मला हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा आईच्या हातातला तो कापसाचा बोळा आठवून वाईट वाटलं होतं.

नियम आला कुठून, तर तो निरर्थक जन्मलेला नाही. ज्यांनी तो घातला त्यांनी डोळ्यांदेखत बायका गुदमरताना पाहिल्या होत्या. १९४६ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर कर्टिस मेंडेलसन ह्यांनी एक शोधनिबंध छापला. त्यांच्या रुग्णालयातल्या १९३२ ते १९४५ मधल्या ४४,०१६ गरोदर बायकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, आणि त्यांतल्या ६६ जणींच्या फुप्फुसांत भूल दिलेली असताना पोटातलं अन्न किंवा आम्ल शिरल्याचं त्यांना आढळलं. दोघी दगावल्या. तेव्हा भूल म्हणजे तोंडावर मुखवटा ठेवून हुंगवलेला वायू. बाई पूर्ण बेशुद्ध, घशाचा पहारेकरी झोपलेला, श्वासनलिकेत संरक्षक नळी नाही. उलटी झाली की ती थेट फुप्फुसात. मेंडेलसन ह्यांचा इशारा अगदी योग्य होता आणि त्यानं पुढे कित्येकींचे जीव वाचले. पण तो इशारा होता ऑपरेशनच्या आधीच्या आणि ऑपरेशन चालू असतानाच्या धोक्याचा. ‘पोट भरलेलं नको’ हे पथ्य हळूहळू ऑपरेशननंतरच्या दिवसांतही पसरलं. त्याला आतड्यांच्या मोठ्या ऑपरेशनांमधला ‘वारा सरू दे’ हा नियम येऊन मिळाला, आणि दोन्ही मिळून सिझेरियनच्या बाळंतिणीच्या उशाशी येऊन बसले. पाठीतल्या इंजेक्शनाची रीत आली तरी ते उठले नाहीत.

पुढे लोकांनी हे तपासून पाहिलं. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पडताळणाऱ्या कॉक्रेन ह्या संस्थेनं २००२ साली लवकर खाणंपिणं आणि उशिरा खाणंपिणं ह्यांची तुलना केली. गुंतागुंत नसलेल्या सिझेरियननंतर पाणी रोखून धरायला आधार सापडला नाही. उलट ज्यांना लवकर दिलं त्यांच्या आतड्यांचे आवाज लवकर परतले. ऑपरेशननंतर रुग्ण लवकर हिंडता-फिरता व्हावा ह्यासाठी काम करणाऱ्या ‘इरास’ गटानं २०१९ मध्ये सिझेरियनसाठी जी शिफारस छापली ती आणखी स्पष्ट आहे : दोन तासांच्या आत नेहमीचं जेवण सुरू करावं. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात तर घड्याळच नाही. बाई सावरतेय, काही गुंतागुंत नाही, तर भूक किंवा तहान लागेल तेव्हा तिनं खावं-प्यावं.

इथले बरेच डॉक्टर आज मधली वाट धरतात. दोनेक तासांनी घोटघोट पाणी, चार ते सहा तासांनी मऊ अन्न. त्यामागे कारणही आहे. पाठीतल्या इंजेक्शनानं रक्तदाब उतरतो आणि मळमळतं. गर्भाशय आकसावं म्हणून दिलेल्या काही इंजेक्शनांनीही उलटी होते. ताज्या टाक्यांवर उलटीचा उमाळा म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच ठाऊक. म्हणून मळमळ ओसरू द्यावी. वाट बघायचीच तर ती मळमळ जाण्याची बघावी. वारा सरण्याशी तिचा संबंध नाही.

सलाईनबद्दलचा गैरसमज आधी काढून टाकू, कारण बाळंतिणीला उपाशी ठेवताना घरच्यांच्या मनाला आधार असतो तो तिचाच. साध्या सलाईनची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. अन्न शून्य. ग्लुकोजची म्हणतात ती ५ टक्क्यांची बाटली घेतली तर अर्ध्या लिटरात २५ ग्रॅम साखर, ताकदीच्या हिशेबानं जेमतेम एक पोळी. दिवसभरात तीन बाटल्या गेल्या तरी तीनच पोळ्या. त्यांत ना प्रथिनं, ना स्निग्ध, ना लोह. शिवाय शिरेतून गेलेलं पाणी आतड्यांना जागं करत नाही. ते काम गिळलेला घोटच करतो.

आता प्रत्यक्ष कसं द्यावं ते. सिस्टरनं हो म्हटलं की आधी पलंगाची डोक्याकडची बाजू वर करून घ्यावी. ‘पाठीत इंजेक्शन आहे, मान उचलू नको, डोकं दुखेल’ असं कुणीतरी म्हणेलच. ती डोकेदुखी सुईच्या छिद्रातून पाणी झिरपल्यानं होते आणि सपाट पडून राहिल्यानं ती टळत नाही, हे आता तपासून ठरलेलं आहे. सपाट झोपून पिताना मात्र ठसका लागतो, आणि सिझेरियनच्या टाक्यांवर ठसका नको. मग दोन-तीन चमचे कोमट किंवा साधं पाणी. पंधरा-वीस मिनिटं थांबावं. मळमळ नाही, तर पुन्हा थोडं. असं तासाभरात पेलाभर गेलं की पुढचा रस्ता मोकळा.

पहिलं खाणं म्हणून ह्या भागात गंजी देतात. ती पातळ असते, उबदार असते, गिळायला सोपी. आमच्याकडची भाताची पेज तीच. चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा तूप घालून द्यावी. पेज राहिली की त्याच संध्याकाळी इडली किंवा मऊ वरणभात द्यायला हरकत नसते. इडली मला सगळ्यांत आवडते, कारण ती वाफवलेली, आंबवलेली, आणि तिच्यातल्या उडदामुळे थोडी प्रथिनंही पोटात जातात. सकाळपर्यंत रोजचं जेवण. ‘पाच दिवस फक्त गंजी’ हा नियम मी ह्या शहरात पुष्कळ घरांत पाहिला आहे. त्यानं बाई अशक्त होते, दुसरं काही होत नाही.

पहिल्या दिवशी काय टाळावं? पोट आधीच फुगलेलं असतं, म्हणून हरभरा-वाटाण्यासारखी वातूळ कडधान्यं, कोबी, तळलेलं नको. दुधानं पुष्कळ जणींना त्या दिवशी गच्च वाटतं, त्यांनी एक दिवस थांबावं. आणि ‘गॅस सुटायला’ म्हणून सोडा आणून देतात तो अजिबात नको. बाटलीतला वायू गिळून पोटातला वायू कसा कमी होणार?

वारा सरायला मदत करायची असेल तर दोन गोष्टी आहेत. एक, चालणं. पायांतली बधिरी गेली की, बहुधा सहा-आठ तासांनी, आधी कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठायचं, थोडं बसायचं, मग सिस्टरचा हात धरून चार पावलं. दुसरी गोष्ट ऐकून बायका हसतात : च्युइंगम. चघळताना लाळ सुटते, जिभेला चव लागते, आणि मेंदू समजतो की जेवण सुरू झालं. तो आतड्यांना तसा निरोप धाडतो. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ अभ्यासांतल्या ३ हजारांहून अधिक बायकांची माहिती होती. च्युइंगम चघळणाऱ्यांचा वारा सरासरी सात तास लवकर सरला. पुरावा फार भक्कम नाही असं तो आढावा स्वतःच सांगतो, पण बिनसाखरेचं च्युइंगम दिवसातून तीनदा अर्धा तास चघळायला खर्च किती आणि त्रास किती? आमच्याकडे बाळंतिणीला जेवणानंतर भाजलेला ओवा-बाळंतशेपा चघळायला देतात. त्यावर असे अभ्यास माझ्या पाहण्यात नाहीत, पण चघळण्याचं काम तर तेच. आमच्या आज्यांना आतड्यांचा क्रम ठाऊक नव्हता, तरी ती वाटी त्यांनी बरोबर जागी ठेवली होती असं मला वाटतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र आज्यांचं ऐकू नये. ‘पाण्यानं टाके ओले होतात’, ‘पू धरतो’, ‘पोट सुटतं’, ‘बाळाला सर्दी होते’. चारही गोष्टी चुकीच्या. प्यालेलं पाणी अन्ननलिकेतून जठरात आणि तिथून आतड्यांत जातं. टाके गर्भाशयाला आणि पोटाच्या भिंतीला असतात. दोन्हींचा रस्ता कुठंही एक होत नाही. पोट सैल दिसतं ते नऊ महिने ताणलेल्या स्नायूंमुळे. आणि बाळाला सर्दी होते ती कुणाच्या तरी शिंकेतून. उलट पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, जळजळते, शौचाला खडा होतो आणि टाक्यांवर जोर पडतो. बाळंतपणानंतरचे काही आठवडे, सिझेरियन झालं असेल तर अधिकच, पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याची भीती असते. शरीर कोरडं पडलं की ती वाढते. लघवीची पिशवी लावलेली असते तोवर तिच्याकडे बघावं. फिकट पिवळा रंग म्हणजे पाणी पुरतंय.

दुधाबद्दल आयांना वाटणारी काळजी मी समजू शकते. पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो, चमच्या-चमच्यानं, आणि नवजात बाळाच्या इवल्याशा पोटाला तो पुरतो. सिझेरियननंतर भरपूर दूध उतरायला कधी एखादा दिवस जास्त लागतो. ते वाढतं बाळानं वारंवार ओढल्यानं, म्हणून पहिल्या तासातच बाळ अंगावर घ्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खाण्यानं लगेच दूध येत नाही, पण उपाशी आई बसून पाजूच शकत नाही, मांडीवर बाळ धरायचे हातच थरथरतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या हिशेबानं पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात. इथं आमचे डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, बाजरीची भाकरी, मेथी, शेपू, लसूण ह्यांची जागा येते, आणि ती मानाची आहे. फक्त तुपातले जड लाडू तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर, शौचाला साफ होऊ लागलं की, आणि एका वेळी एकच. दशमूलारिष्टासारखी आसवं-अरिष्टं आंबवून केलेली असल्यानं त्यांत अल्कोहोल असतं. पाजत असताना ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

जिथं थांबायलाच हवं अशाही वेळा असतात, आणि त्या वेळी घरच्यांनी चोरून चमचाभरही भरवू नये. पूर्ण भूल दिली असेल तर बाई नीट जागी होऊन ओळखीनं बोलू लागेपर्यंत. खूप रक्त गेलं असेल आणि पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागण्याची शक्यता असेल तर. रक्तदाब फार वाढून झटक्यांच्या भीतीनं मॅग्नेशियमचं इंजेक्शन चालू असेल तर. आधीच्या ऑपरेशनामुळे आतडी चिकटलेली होती, ती सोडवताना आतड्याला किंवा मूत्राशयाला इजा झाली असेल तर. अशा वेळी डॉक्टर म्हणतील तेवढंच. आणि सगळं सुरळीत चालू असताना पोट नगाऱ्यासारखं ताठ फुगत गेलं, पुन्हा पुन्हा हिरवट उलटी होऊ लागली, ताप आला किंवा धाप लागली, तर ‘वात धरलाय’ म्हणून ओवा चोळत बसू नये. सिस्टरला तत्क्षणी हाक मारावी. गरोदरपणात मधुमेह झाला असेल तर पहिल्या घासाआधी साखर तपासायची का आणि इन्सुलिन चालू आहे की बंद केलं, एवढं विचारून घ्यावं.

सगळ्यांत मोठी चूक तासांचा हिशेब ऑपरेशनपासून धरण्यात होते. ज्या बाईचं सिझेरियन आयत्या वेळी ठरलं, ती आदल्या रात्रीपासून कळा देत असते. तिचा उपास ऑपरेशनच्या आधीच बारा-पंधरा तासांचा झालेला असतो. ठरवून केलेल्या सिझेरियनमध्येही ‘रात्री दहानंतर काही नाही’ सांगतात आणि मग तिचा नंबर दुपारी लागतो. भूलतज्ज्ञांच्या आजच्या नियमांप्रमाणे हलकं खाणं ऑपरेशनच्या सहा तास आधीपर्यंत आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. म्हणून आदल्या दिवशी, घाई नसताना, डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : पाणी कधी बंद करायचं, ऑपरेशननंतर घोट कधी द्यायचा, घास कधी द्यायचा. सासूबाईंसमोर विचाराव्यात. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं त्यांना मानवतं, सुनेच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि रात्री वॉर्डात बाळंतिणीपाशी त्याच थांबणार असतात.

सरकारी रुग्णालयात असाल तर आणखी एक गोष्ट हक्कानं मागता येते. २०११ च्या जून महिन्यापासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला रुग्णालयातलं जेवण मोफत आहे, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवसांपर्यंत. लांबून आलेल्या, ह्या शहरात चूल नसलेल्या बाईला ते फार मोलाचं असतं. घरून डबा येत असला तरी ते ताट नाकारू नये. पाजणाऱ्या आईला दोन्ही पुरतं.

घरी जाताना लोहाच्या गोळ्या देतात, रोज एक, १८० दिवस. डब्यासोबत येणारा चहा त्या गोळीचं काम अडवतो. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा तासा-दोन तासांनी.